ओरेस्टच्या गॅरेजचं छत

ओरेस्ट बाबियुक कुणाला कधी "बरा आहेस ना?" असं विचारत नाही. त्याला ते जमतच नाही. उभी हयात त्यानं आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा ग्रेडर चालवला. कुणाची काळजी वाटली, की तो ग्रेडर त्याच्या फाटकातून आत घालायचा, पार दाराच्या पायरीपर्यंत बर्फ साफ करायचा आणि हॉर्नसुद्धा न वाजवता निघून जायचा. हे त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. माझं पित्ताशय काढलं त्या हिवाळ्यात माझ्या घरापुढचा रस्ता हायवेपेक्षा स्वच्छ होता. आभार मानायला मी सफरचंदाचा पाय भाजून घेऊन गेले, तर म्हणाला, "मला ग्रेडर वळवायला जागा हवी होती." पाय मात्र ठेवून घेतला.

मी मारुस्या. रेल्वेलगतच्या धान्याच्या कोठारावर मी वजनकाटा सांभाळायचे. ट्रक भरून गहू आणणाऱ्या प्रत्येक पुरुषाला वाटायचं की बाईचा काटा खोटा आहे, आणि प्रत्येकाला मला ते खोडून सांगावं लागायचं. त्यामुळे माझी जीभ अशी झाली आणि त्याच जिभेमुळे मला क्वानच्या कॅफेतल्या पुरुषांच्या टेबलावर जागा मिळाली. कॅनडातल्या या सस्कॅचेवान प्रांतात कुठल्याही गावात असं एक टेबल असतंच. रोज सकाळी तीच माणसं येणार, तीच कॉफी पिणार, आणि सरकार, गव्हाचा भाव आणि गैरहजर माणूस यांची क्रमानं धुलाई करणार. आमच्यात चौघं नेमानं येणारी होती. ओरेस्ट, मी, नॉर्वेकर बापाचा बडबड्या हाल्वर आणि प्रोकोप.

या टेबलाचा एक नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण मोडायचाही कुणी नाही. अंगातलं जाकीट काढायचं नाही आणि डोक्यावरची टोपीही. काढली तर घरी तुला काही काम उरलं नाही असा अर्थ होतो. जाकीट घातलेला माणूस जरा टेकलेला असतो, तो निघणारच असतो. आम्ही सगळे म्हातारे. जमिनी विकलेल्या किंवा पोरांना दिलेल्या, कुणाला कुठं जायचं नव्हतं. तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून आम्ही दुपारपर्यंत निघत बसायचो. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण हाल्वर शर्ट कुठल्या रंगाचे घालतो हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या शरदात पिकं निघाली आणि मिस्टर क्वान कॅफेला कुलूप लावून मुलीकडे कॅलगरीला गेले. त्यांचे गुडघे गेले होते, त्यांना कोण काय म्हणणार? शेवटच्या दिवशी आम्ही चौघं बाहेर फुटपाथवर उभे राहिलो. प्रोकोपनं टोपी नीट केली आणि म्हणाला, "चला. आता गावात यायचं कारण नाही."

आभाळ आलंय म्हणावं तसं म्हणाला. पण आम्हा तिघांना त्याचा अर्थ कळला. प्रोकोप गावापासून लांब, एकटा शेतघरात राहतो. फोन असतो, उचलत नाही. त्याची बायको ओल्या दोन हिवाळ्यांमागे वारली. आमच्याकडे बर्फ पडला की वसंतापर्यंत माणूस दिसला नाही तरी कुणाला वावगं वाटत नाही, आणि मग वसंतात वाटतं. असं आमच्याकडे झालेलं आहे. ओरेस्टनं ट्रकच्या दाराची मूठ धरून ठेवली होती. "माझ्या गॅरेजमध्ये बसायचं उद्यापासून," तो म्हणाला. "कॉफी लेसियाच्या मशिनीची. वाईट असते. सांगून ठेवतो."

आता कुणी विचारेल, गॅरेजमध्ये कशाला, घरात का नाही? लेसिया, म्हणजे ओरेस्टची बायको, हिच्या स्वयंपाकघरात गावातलं निम्मं चर्च बसतं. पण ओल्याला पुरल्यावर लेसियानं प्रोकोपला एकदा जेवायला बोलावलं होतं. बोर्श्त, म्हणजे बीटाचं सूप केलं, वर शेपू घातला, ओल्या करायची तसं. प्रोकोपनं एक चमचा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला, ट्रकचे दिवे चालू राहिले वाटतं असं म्हणून उठला, तो गेला. तेव्हापासून त्यानं कुणाच्याही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. माझ्याही नाही. गॅरेज चालत होतं, कारण गॅरेजमध्ये कुणाची बायको वारलेली नसते.

ओरेस्टच्या गॅरेजच्या भिंतींत ऊब धरायला काचेचा कापूस होता, पण डोक्यावर नुसत्या लाकडी कैच्या आणि त्यांच्यावर छपराच्या फळ्या. त्यानं जुन्या तेलाच्या पिंपाची शेगडी बसवली आणि त्यात लाकडं कोंबली. ऊब शेगडीतून निघायची आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ वर जायची. छपरावरचा बर्फ वितळायचा आणि वळचणीला मुसळाएवढे बर्फाचे सोट लटकायचे.

"चिमण्यांची सोय झाली हं," हाल्वर म्हणाला. "वरती अंडी घालतील भर डिसेंबरात."

"तू तुझी कॉफी पी."

"पितो की. गोठायच्या आत प्यायला हवी."

हाल्वर आणि मी कुडकुडत बसायचो, पण प्रोकोपला ते जमेना. कप संपला की तो उठायचा. "निघतो." पूर्वी हे नुसतं म्हणण्यापुरतं होतं, आता तो खरंच निघायचा. ओरेस्ट त्याच्या ट्रकचा आवाज मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दारात उभा राहायचा आणि मग वर कैच्यांकडे बघायचा. एका सकाळी प्रोकोप आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण ट्रक बंदसुद्धा केला नाही. ओरेस्ट त्याच दुपारी जाऊन गुलाबी कापसाचे गठ्ठे घेऊन आला.

इथं मला जरा बोलायचंय. आमच्याकडच्या पुरुषांना वाटतं की छतात कापूस कसा भरायचा हे आईच्या पोटातूनच शिकून येतात. पाकिटावर चित्रं काढून लिहिलेलं असतं. मी वाचून दाखवत होते. ऊब असते त्या बाजूला, म्हणजे कापसाच्या खालून, प्लास्टिक ताणायचं, म्हणजे आतली वाफ वर जाऊन गोठत नाही. ओरेस्ट म्हणाला, "बर्फ वरून येतो का खालून? मग प्लास्टिक वर." मी म्हटलं, "अरे शहाण्या, वाफ खालून जाते!" तर म्हणाला, "मी जन्मभर बर्फ ढकललाय, मारुस्या." हे काय उत्तर झालं का? पण तो शिडीवर होता आणि हातात स्टेपलर होता. कापूस भरला, प्लास्टिक वरून अंथरलं, खालून पातळ फळ्या ठोकल्या. काचेच्या कापसानं त्याचं अंग असं खाजायला लागलं की लेसियानं त्याला रात्री सोफ्यावर झोपवला.

तसं पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. शेगडी पेटायची, चौघं श्वास सोडायचो, कॉफीची किटली उकळत असायची. ती सगळी वाफ गुमान वर जाऊन त्या प्लास्टिकला चिकटून गोठत होती. नाताळाआधी एक दिवस हवा एकदम मवाळ झाली आणि गॅरेजमध्ये पाऊस सुरू झाला. बाहेर ऊन होतं.

हाल्वरच्या कपात टपकन थेंब पडला. त्यानं वर बघितलं, कपात बघितलं, एक घोट घेतला. "कॉफी पातळ झालीय, ओरेस्ट."

"आधी दाट होती का?"

"नाही, पण आता तुझं छत उतरलंय तिच्यात."

प्रोकोप हसला. खरं सांगते, ओल्या गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. ओरेस्टनंही ते बघितलं असणार, कारण अंगावर गार पाणी ठिबकत असूनही त्यानं शिवी दिली नाही. मी तर ओठांपर्यंत आलेलं 'सांगितलं होतं ना' गिळलं, आणि मला ते किती जड गेलं हे माझं मलाच माहीत. लेसिया मात्र गप्प बसली नाही. आमच्या चर्चचा नाताळ जानेवारीत, जुन्या पंचांगाप्रमाणे. त्यासाठी वळलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचे ट्रे तिनं नेहमीसारखे गॅरेजच्या फळीवर ठेवले होते. हिवाळ्यात आमचं गॅरेज म्हणजेच मोठा फ्रीज. गुंडाळ्या वितळल्या, भिजल्या, आंबल्या.

"माणसं उबेत बसवायला निघालास," ती म्हणाली, "आणि जेवण सडवलंस. कर, सगळं उसवून परत कर. आणि मारुस्या सांगेल तसं कर."

त्यानं परत केलं. सगळं उसवलं, ओला कापूस ढीग करून गल्लीत टाकला, कैच्या वाळू दिल्या. या वेळी प्लास्टिक खालून, एकेक सांधा चिकटपट्टीनं बंद. मी खाली खुर्चीवर बसून बोट दाखवायचे, "तिथं सुटलंय," आणि तो मुकाट्यानं पट्टी लावायचा. आयुष्यात इतकं सुख मला फार कमी वेळा मिळालंय. प्रोकोप रोज यायला लागला, कारण आता काम होतं आणि कामाला यायला कारण लागत नाही. फळ्या ठोकताना तो खालून आधार द्यायचा. त्याचे हात लटलटायचे, मग हाल्वर झाडूच्या दांड्यानं टेकू द्यायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. जाकीट घालून हात वर करायचे म्हणजे कुणाचेही लटलटतील.

कापसाच्या जागी आता रद्दी पेपरचा भुगा होता, यंत्रानं फुंकायचा. ओरेस्ट वर माळ्यात नळी धरून, हाल्वर खाली यंत्रात गठ्ठे टाकतोय. थांब म्हटलेलं हाल्वरला ऐकू आलं नाही. तो त्या वेळी मला त्याच्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होता. ओरेस्ट खाली उतरला तेव्हा चुलीतून निघालेल्या बोक्यासारखा दिसत होता. फक्त डोळे तेवढे त्याचे होते.

पण छत टिकलं. गॅरेजच्या छपरावर बर्फ साचला आणि तसाच राहिला, गुडघाभर. आमच्याकडे छपरावर बर्फ टिकला की त्या घराची अब्रू टिकली, खालची ऊब खालीच राहते असा त्याचा अर्थ. ओरेस्ट गल्लीत उभा राहून छपराकडे बघायचा. कुणीतरी दोन शब्द बरे बोलावेत म्हणून तो तिथं उभा असायचा हे न कळायला मी काही आंधळी नाही. पण आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. हाल्वर म्हणाला, "वसंतापर्यंत बघू," आणि मी म्हटलं, "पहिल्यांदाच ऐकलं असतंस तर."

जानेवारीअखेरीस बाहेर उणे पस्तीस होतं आणि गॅरेजमध्ये माणूस बनियनवर बसेल अशी हवा. आता नियमाची पंचाईत झाली. आधी हाल्वरनं चेन अर्धी खाली ओढली, मग पूर्ण. मग इकडे तिकडे बघत, चोरी केल्यासारखं, जाकीट काढलं. आत पँट धरून ठेवणाऱ्या, खांद्यांवरून घ्यायच्या लाल पट्ट्या होत्या, त्यांवर मासे छापलेले.

"हे रोज घालतोस?" मी विचारलं.

"लग्नापासून."

"आम्हाला सांगायचंस की. आम्ही तुला माणसांत धरत होतो."

मग मी काढलं, ओरेस्टनं काढलं. बसणं लांबलं. प्रोकोपही आता दुपारपर्यंत बसायला लागला. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते झालं होतं. पण प्रोकोप जाकीट काढेना. चेन गळ्यापर्यंत, टोपी कानांपर्यंत. कपाळावरून घाम ओघळायचा, तो हातमोज्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "मी निघतोच आहे."

ओरेस्टला ते लागलं. मला वाटतं त्याला तो आपल्या छताचा अपमान वाटला. त्यानं शेगडीत आणखी एक ओंडका घातला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. घालता घालता तो प्रोकोपकडे बघायचा, आणि प्रोकोप कॉफीत बघायचा. हाल्वर आता पट्ट्यासुद्धा खांद्यावरून उतरवून बसत होता. "अरे, आम्ही भाजून निघालो," तो मला म्हणाला, "या दोघांच्या हट्टापायी."

आणि एका सकाळी प्रोकोपच्या हातातला कप कलंडला. चेहरा राखेसारखा झाला, मान पुढं आली. मी जवळ होते. "काढ ते जाकीट!" मी ओरडले. "उकडून मरशील, बाबा!" आणि त्याची वाट न बघता मी चेन खाली ओढली.

आत एक लोकरी स्वेटर होता. त्याच्या आत आणखी एक. त्याच्या आत ओल्यानं विणलेलं बिनबाह्यांचं, मला ते ओळखू आलं. मी काढत गेले आणि माणूस संपत गेला. शेवटी शर्ट राहिला, आणि त्यात गळ्याजवळची दोन हाडं. पँट कमरेला चुण्या घालून पेंढ्या बांधायच्या सुतळीनं आवळलेली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी क्वानकडे प्रोकोप कॉफीनंतर सूप आणि पाव घ्यायचा, तेच त्याचं जेवण होतं. दिवसभराचं. जाकीट भरलेलं दिसावं म्हणून तो आतून स्वेटर चढवत होता. मला त्याचा राग आला, आणि आमचा त्याहून जास्त.

हाल्वर, ज्याचं तोंड झोपेतसुद्धा चालतं म्हणतात, तो मान वर करून छताकडे बघत राहिला. त्याला दुसरीकडे कुठं बघावं कळत नसावं. मग म्हणाला, "छत छान झालंय, ओरेस्ट."

अख्खा हिवाळा ओरेस्ट ज्या वाक्यासाठी गल्लीत उभा राहिला होता, ते हे. त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि मोठ्या दाराचं बटण दाबलं.

गॅरेजचं दार करकरत वर गेलं. आतली सगळी ऊब पांढरी वाफ होऊन गल्लीत पळाली, आणि उणे पस्तीसची हवा आत शिरली. मी जाकीट ओढलं, हाल्वरनं पट्ट्या चढवल्या.

"फार तापतंय," ओरेस्ट दाराकडे तोंड करून म्हणाला. "छत जरा जास्तच झालं. आता तासभर तरी इथं बसायची सोय नाही." मग त्यानं एकेक करून स्वेटर उचलले आणि प्रोकोपच्या हातात दिले. जाकीट मात्र त्यानं स्वतः धरलं, बाह्या उघड्या करून, लहान मुलाला घालतात तसं. "आत चला. स्वयंपाकघरात."

"मी निघतोच," प्रोकोप म्हणाला.

"निघ की. स्वयंपाकघरातून निघ. पुढच्या दारानं जा."

प्रोकोपनं चेन गळ्यापर्यंत ओढली. आम्ही अंगणातला बर्फ तुडवत गेलो, ओरेस्ट सगळ्यात मागं, प्रोकोपची परतीची वाट अडवल्यासारखा. लेसिया टेबलावर चर्चच्या जेवणासाठी पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्या, वळत होती. तिनं वर बघितलं, प्रोकोपला बघितलं, आणि मग पिठाच्या हातानंच पातेल्याचं झाकण काढून थाळी वाढली. बोर्श्त नव्हतं. पेरोगी होत्या, वर परतलेला कांदा आणि आंबट साय. "चर्चच्या आहेत," ती म्हणाली. "फुटलेल्या निघतात, त्या कुणीतरी संपवायला हव्यात." एकही फुटलेली नव्हती. प्रोकोप टोपी, जाकीट सगळं घालून जेवला. थाळी पुसली. मग म्हणाला, "निघतो," आणि खरंच निघाला.

त्या दिवसापासून रोज दुपार झाली की ओरेस्ट उठतो आणि गॅरेजचं दार सताड उघडतो. आणि रोज लेसियाकडे काहीतरी फुटलेलं असतं. शेजारचा माणूस गल्लीतून जाताना ओरडला, "अरे, दोनदा छत भरलंस आणि आता दार उघडं टाकून गल्ली तापवतोस?" ओरेस्ट म्हणाला, "दमट हवा काढावी लागते. तुला नाही कळायचं." मी तिथंच उभी होते, आणि मी काहीही दुरुस्ती केली नाही.

ईस्टरआधीचे उपवास सुरू झाले. एका सकाळी ओरेस्ट आणि हाल्वर यांची जुंपली, गहू कोणत्या साली उभा जळाला यावरून. दोघंही चुकीचं सांगत होते आणि मी दोघांनाही ते सांगत होते. आवाज असा चढला की दुपार झालेली कुणाच्या ध्यानात आली नाही.

प्रोकोप उठला. त्यानं जाकीट घातलं, टोपी नीट केली, भिंतीपाशी गेला, आणि दाराचं बटण दाबलं.